बहुतेकचा खराटा

माझ्या गॅरेजात शटरच्या आत, डाव्या हाताला, एक खराटा टेकवून ठेवलेला असतो. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं की ताई, हा इथे वाटेतच कशाला? मी सांगते, हा 'बहुतेक'चा खराटा आहे. या गॅरेजात जो कोणी 'बहुतेक' म्हणेल त्याने तो उचलायचा आणि शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत झाडून काढायचं. लोक हसतात. हसू देत. मी स्वतः या नियमापायी इतकं झाडलंय की लग्नानंतर सासूबाईंनी माझ्या झाडण्याचं चारचौघांत कौतुक केलं. त्याचं श्रेय माझ्या आईला गेलं, पण ते खरं सरांचं.

सर म्हणजे आयटीआयमधले आमचे डिझेल मेकॅनिकचे सर. आता ते मुलाकडे नाशिकला असतात आणि फोनवर तिथल्या थंडीला नावं ठेवतात. पण पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये आले ते अजून डोळ्यांसमोर आहेत. खाकी शर्ट, पायात रबरी चपला, आणि ऐन डिसेंबरात हातात लाकडी मुठीची छत्री. आल्या आल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'बहुतेक' असं लिहिलं, त्यावर फुली मारली आणि आमच्याकडे वळले.

"बहुतेक नोझल असंल, बहुतेक पंप असंल. बहुतेक म्हणजे तुला ठाऊक नाय. मग ठाऊक नाय असं म्हण. त्यात लाज नाय."

त्या पहिल्या आठवड्यात वर्कशॉपची फरशी आरशासारखी झाली. एकेका पोराने दिवसातून तीनदा झाडलं. बोलायच्या ओघात शब्द तोंडातून जायचाच, आणि सर कितीही लांब असले तरी त्यांना तो ऐकू यायचा. घणाचा आवाज चालू असताना ऐकू यायचा. आम्ही मग 'बहुधा' म्हणून पाहिलं. सर म्हणाले, मराठीचा तास वरच्या मजल्यावर भरतो, इथे खराटा दोघांनाही एकच.

त्यांची दुसरी खोड नंबरांची. ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. हजेरीतला नंबर तोच माणसाचा नंबर, आणि तो जन्मभर. आमच्या बॅचला एकवीस जण होते, वीस पोरं आणि एक मी. माझा नंबर सतरा. लग्नाची पत्रिका द्यायला गेले तर त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, ही नवरी कोण? मी म्हटलं, सर, मीच. तर म्हणाले, मग सतरा लिहायला काय झालं होतं. लग्नाला आले आणि आहेर म्हणून फिलर गेजचा, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पात्यांचा सेट दिला. वर चिठ्ठी, 'चि. सौ. कां. सतरा हिस अनेक आशीर्वाद'. नवऱ्याने ती चिठ्ठी जपून ठेवली आहे आणि रागावला की मला सतरा म्हणतो.

पेणपासून रोह्यापर्यंतचा रस्ता सरांच्या डोक्यात गावांचा नव्हताच, नंबरांचा होता. वडखळला तीन नंबर, नागोठण्याला नऊ नंबर, रोह्याला बारा नंबर. पुढच्या बॅचचा आणखी एक नऊ त्याच रस्त्याला निघाला तेव्हा एक थोरला नऊ झाला आणि एक धाकटा नऊ. आम्ही त्यांना खोदून खोदून विचारायचो की सर, तुम्ही शिकत होतात तेव्हा तुमचा नंबर काय होता? ते कधी सांगायचे नाहीत. एकदा फारच मागे लागलो तेव्हा एवढंच म्हणाले की नंबर शिकणाऱ्याला असतो, शिकवणाऱ्याला नसतो. आम्हाला वाटलं, असेल काहीतरी वाईट नंबर, तेरा वगैरे.

छत्रीचं असं, की ती पावसासाठी नव्हतीच. इंजिन चालू असताना तिचं टोक ते ब्लॉकवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग डोळे उघडून सांगत, तिसऱ्या सिलिंडरपाशी काहीतरी बिनसलंय. उघडून पाहावं तर तिथेच निघायचं. पावसात मात्र ती छत्री घडी करून काखेत, आणि सर भिजत. तिचा कान खराब होतो म्हणायचे.

माणूस खाडीकडचा. बाप जन्मभर मिठागरात राबलेला. त्यामुळे सरांच्या खिशात एक प्लॅस्टिकची डबी असायची, आत गावचं खडा मीठ. पेरूला मीठ, काकडीला मीठ इथपर्यंत ठीक, पण हे चहातही एक खडा टाकायचे. मी एकदा तो चहा पिऊन पाहिला. परत पिणार नाही.

मी पेणच्या रामवाडीला हायवेच्या कडेला स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा सर नुकतेच रिटायर झाले होते. उद्घाटनाला नारळ फुटला आणि दुसऱ्या दिवसापासून सर रोज अकराला येऊन बाकावर बसायला लागले. मी त्यांना बोलावलं होतं का? नाही. नको म्हणायची माझी टाप होती का? तीही नाही. बसायचे, छत्री मांडीवर आडवी, आणि माझ्या प्रत्येक पान्यावर नजर. गिऱ्हाइकासमोर मला सतरा म्हणायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं की हा माझा रेट आहे.

पहिली तीन वर्षं माझ्याकडे छोटे टेम्पो आले, रिक्षा आल्या, भात कापायच्या दिवसांत ट्रॅक्टर आले. मोठी गाडी एकही नाही. बस आणि ट्रक माझ्या दारावरून पुढे जायचे आणि दोनशे मीटरवर दुसऱ्या गॅरेजात वळायचे. तिथले लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे की बाईमाणूस फार तर स्कुटी करील. मला ते ऐकू यायचं. त्यांना वाटायचं नाही, पण मी सरांची विद्यार्थिनी, मलाही लांबचं ऐकू येतं.

मग गागोद्याचे तात्या आले. गागोदे बुद्रुकला त्यांची भाताची आणि वालाची शेती. त्यांचा ट्रॅक्टर मी एकदा बांधावर उभी राहून चालू करून दिला होता, हे ते विसरले नाहीत. मागच्या वर्षी होळीच्या सुमाराला त्यांनी एक जुनी बस घेतली आणि रोह्याच्या एका केमिकल कंपनीची सकाळची शिफ्ट धरली. पहाटे गागोद्याहून निघायचं, पेणला माणसं घ्यायची, सातच्या आत कंपनीच्या गेटवर. बस घेतली त्या दिवशी थेट माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाले, पोरी, ट्रॅक्टर केलास, आता ही सांभाळ. माझ्या गॅरेजातली ती पहिली मोठी गाडी. मी तिचा फोटो काढून माहेरी पाठवला.

ती बस जानेवारीत दगा द्यायला लागली. पहाटे तात्या चावी फिरवायचे, स्टार्टर दमल्यासारखा दोन वेढे घ्यायचा आणि गप्प. कंपनीची माणसं थंडीत उभी. मी निरोप मिळाल्यावर पेणहून निघून दहाच्या सुमारास पोहोचायचे तर बस शहाण्या बाळासारखी पहिल्या झटक्याला चालू. पहिल्यांदा मी बॅटऱ्या नवीन घातल्या. आठ दिवसांनी पुन्हा तेच. स्टार्टर उतरवून तपासला, ठणठणीत. पनवेलच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये फोन केला तर त्यांनी गाडी न बघताच सांगितलं की कॉम्प्युटर गेला असणार, आणून सोडा. दुसऱ्या वेळेला कंपनीच्या ट्रान्सपोर्टच्या साहेबांनी तात्यांना बोलावून सांगितलं की आणखी एकदा शिफ्ट चुकली की बस बंद, दुसरा माणूस तयार आहे.

तो रविवार होता. तात्या बस घेऊन साडेदहाला माझ्या दारात आले. चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले की उद्या सोमवार, शिफ्ट आहे. पनवेलला न्यायची तर आत्ता निघायला हवं. तू सांग, तुझ्याच्यानं होईल का नाय?

मला एवढंच दिसत होतं की ही बस पनवेलला गेली की माझ्या दारात पुन्हा मोठी गाडी लागणार नाही. टपरीवरची माणसं म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं? आणि मी म्हणाले, "बहुतेक होईल, तात्या."

मागून बाकावरून आवाज आला. "खराटा."

त्या वेळी सरांचा जो राग आला, तो सांगून सोय नाही. गिऱ्हाईक दारातून जातंय, माझी चार वर्षं जातायत, आणि या माणसाला नियम सुचतोय. वाटलं, खराटा तिथेच मोडून टाकावा. पण पंधरा वर्षांची सवय. हात गेला आणि मी झाडायला लागले. तात्या बघतच राहिले.

मी झाडत होते तेव्हा सरांनी तात्यांना बाकावर शेजारी बसवलं आणि चौकशी सुरू केली. इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. विचारतात काय, तर पहाटे अंगात काय घालता? तात्या गोंधळले. म्हणाले, कधी शर्ट, कधी स्वेटर. ज्या दोन दिवशी गाडी बंद पडली त्या दिवशी? तात्यांनी आठवून सांगितलं की स्वेटर होता, कानटोपीपण होती, त्या आठवड्यात पोरांनी शेतात जाळ करून मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, शेकत बसावं अशी थंडी होती. आणि मधल्या दिवसांत, गाडी चालू झाली तेव्हा? तेव्हा नुसता शर्ट. मग ही गॅरेजवाली येते तेव्हा? तेव्हा दहा वाजलेले, ऊन डोक्यावर, घाम पुसतच येते.

सरांनी छत्री फरशीवर आपटली. "सतरा, आजार येतो थंडीत आन् तू नाडी बघतेस उन्हात. मशीन काय म्हनतंय?"

मशीन म्हणजे माझा स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि कुठे बिघाड आहे तो कोड वाचायचा. मी सांगितलं की एकच कोड आहे, हवेच्या हीटरच्या सर्किटचा, पण तो जुना आहे, तो बिनकामाचा. सर म्हणाले, मशीन थंडीचं बोलतंय, तात्या थंडीचं बोलतोय, तूच तेवढी ऐकत नायस.

हा हीटर म्हणजे काय ते सांगते. डिझेलच्या मोठ्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडाशी एक जाळी असते. गारठा असला की गाडीचा कॉम्प्युटर त्या जाळीत वीज सोडतो, जाळी तापते आणि हवा शेगडीवरून गेल्यासारखी गरम होऊन आत जाते. डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा. आता आमच्या कोकणात, जिथे स्वेटर वर्षातून पंधरा दिवस बाहेर निघतो, तिथे या शेगडीचं कौतुक कोणाला? पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात नवीन डिझेल गाडी आली की पहिलं काम म्हणजे त्या हीटरची जाड वायर सोडवून बाजूला बांधून ठेवायची. बॅटरी वाचते म्हणतात. ते इतकं अंगवळणी पडलेलं की आपण काही केलंय हेसुद्धा लक्षात राहत नाही. तात्यांच्या बसचंही कुणीतरी तसं केलेलंच होतं. हीटर सोडवलेला म्हणून कोड येतो, असं मी धरून चालले होते.

"आता हितं थंडी आनायची," सर म्हणाले आणि मला नाक्यावर पिटाळलं. नाक्यावर मासे विकणाऱ्या मावशींकडे रविवारचा बर्फ भरपूर. त्यांनी विचारलं की सुरमई घेतलीस का गो? मी म्हटलं, नाही, इंजिनाला ताप आलाय. त्यांनी पिशवीभर बर्फ दिला आणि वर माझ्याकडे काळजीने बघितलं.

इंजिनाला हवा किती गार आहे ते सांगणारा एक बोटाएवढा सेन्सर असतो. तो सरांनी माझ्याकडून जागेवरून काढवला, पण त्याची वायर जोडलेलीच ठेवली. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून तो बर्फाच्या तांब्यात बुडवला. मग खिशातून डबी काढली आणि मूठभर मीठ बर्फावर टाकलं. बर्फात मीठ पडलं की गारठा दुप्पट होतो, हे मिठागरवाल्याला सांगावं लागत नाही. आणि मग, जी छत्री पावसात कधी उघडली नाही, ती सरांनी उघडली आणि त्या तांब्यावर धरून उभे राहिले, ऊन लागू नये म्हणून. समोरच्या टपरीवरची सगळी माणसं रस्ता ओलांडून बघायला आली. तात्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की पनवेलला गेलो असतो तर बरं झालं असतं.

दुपारी दीड वाजता रामवाडीच्या उन्हात सरांनी त्या इंजिनाला गागोद्याची पहाट दाखवली. तात्यांनी चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. आत कुठेतरी वीज सोडणाऱ्या रिलेचा टक् असा आवाज झाला, आणि बॅटरीला लावलेल्या माझ्या मीटरवरचे आकडे धाडकन खाली आले. गाडीतला बल्ब मंदावला. इंजिनाच्या मागच्या अंगाला चर्र झालं, निळी ठिणगी उडाली आणि जळक्या रबराचा वास सुटला.

चावी बंद झाली. मी बॅटरी सोडली, टॉर्च घेतला आणि खाली शिरले. हीटरची सोडवलेली जाड वायर तिथे बांधलेली होती, टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. इंजिनाच्या हादऱ्याने ती ट्यूब पट्टीवर घासून घासून फाटली होती आणि उघडं टोक लोखंडाला टेकत होतं. ऊन असेल तेव्हा वायरीत वीजच नाही, म्हणून सगळं ठीक. थंडी पडली की कॉम्प्युटर बिचारा शेगडी पेटवायला वीज सोडायचा आणि ती सगळी लोखंडात जायची. स्टार्टरला उरणार काय? मधला फ्यूज उडाला असता तर तेव्हाच कळलं असतं, पण आधीच्या कुठल्यातरी मालकाने फ्यूजच्या जागी जाड तार ठोकून ठेवली होती.

सापडलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण टॉर्चच्या उजेडात मला ती गाठ दिसली आणि मी टॉर्च आणखी जवळ नेला. होडी बांधायची दुहेरी गाठ. वायर बांधायला अशी गाठ फक्त सर शिकवतात. आणि शेपटीचं टोक आत खुपसायची सवय एकवीस जणांत एकीचीच, माझी. मागच्या होळीला बस आली त्या दिवशीच, पहिली मोठी गाडी आल्याच्या आनंदात, मीच ती वायर सोडवून बांधली होती आणि साफ विसरले होते.

बाहेर आले. काय सांगणार होते? खोटं सांगता आलं असतं, आधीच्या मालकावर ढकलता आलं असतं. तात्या समोर, टपरीवरचे समोर. मी म्हणाले की तात्या, ही वायर मीच बांधली होती. मागून कुणीतरी खुसखुसलं.

सरांनी छत्री मिटली. खाली वाकले, गाठ बघितली, बोटाने चाचपली आणि सावकाश सरळ झाले.

"तात्या, हात हिचा हाय. गाठ माझी. काय बोलायचं ते मला बोल."

मग मला म्हणाले की वही आण. माझी आयटीआयची वही ड्रॉवरमध्ये असते, त्यांनीच डिक्टेट केलेली. हीटरचं पान त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं: 'आपल्याकडील हवा उष्ण असल्याने हा हीटर बहुतेक लागत नाही. वायर सोडवून नीट बांधून ठेवावी.'

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. सरांना माझ्या आधी कळलं होतं. ते उठले, शटरजवळ गेले, छत्री टेकवली आणि खराटा उचलला. मी पुढे झाले तर हात आडवा केला. तात्यांनीही धरू पाहिला, म्हणाले, गुरुजी, राहू द्या. सर म्हणाले, सोड, नियम हाय. आणि साठी ओलांडलेला तो माणूस शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत वाकून झाडत गेला, बाकाखालचंसुद्धा. टपरीवरची माणसं एकेक करून निघून गेली. खुसखुसणारा सगळ्यात आधी गेला. मला तेव्हा रडू आलं, आणि लाजेचं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी नवीन वायर टाकली, खरा फ्यूज बसवला आणि हीटर होता तसा जोडला. पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, पुन्हा छत्री. या वेळी मीटर जरासा हलला आणि स्थिर झाला. सरांनी हवेच्या तोंडावर उलटा तळहात ठेवला आणि मला म्हणाले, ठेव. मी ठेवला. ऊबदार होतं. पंधरा वर्षं मी इंजिनं खोलतेय, आणि चालू असलेल्या हीटरला त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला.

सोमवारी पहाटे आम्ही दोघं गागोद्याला हजर. वालाच्या शेतावर धुकं, सरांच्या अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी, आणि तात्यांच्याही. थंडी अगदी हवी तशी. तात्यांनी देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. सर खिडकीशी उभे राहून म्हणत होते, थांब, अजून थांब. दिवा विझला. तात्यांनी स्टार्टर मारला आणि पुरता एक वेढा व्हायच्या आत इंजिन लागलं. धूर नाही, खोकला नाही. शेजारच्या घरातली कुत्री भुंकत सुटली. तात्यांनी स्टीअरिंगला डोकं टेकवलं आणि मग इतक्या जोरात हॉर्न वाजवला की अख्खं गागोदं जागं झालं असेल. मी तर नाचलेच म्हणा ना.

सर त्याच बसने रोह्याला निघाले आणि मलाही चढवलं. सातला दहा कमी असताना आम्ही कंपनीच्या गेटवर होतो. ट्रान्सपोर्टचे साहेब घड्याळाकडे बघत उभेच होते. सर उतरले, छत्री टेकवत त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले की साहेब, नोंद घ्या, ही बस रामवाडीच्या सतरा नंबरने केली आहे. साहेबांना काही कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात कंपनीच्या आणखी दोन बस माझ्या दारात लागल्या आणि ड्रायव्हर विचारत होते की सतरा नंबरचं गॅरेज हेच का? मी हो म्हटलं. पुढे पाटीवरही तेच रंगवून घेतलं.

सरांचं काम मात्र अजून संपलं नव्हतं. परतताना त्यांनी मला बारा नंबरच्या गॅरेजात नेलं. बारा नंबर माझ्या कितीतरी आधीच्या बॅचचा, आता केस पिकलेला, हाताखाली चार माणसं. सरांनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं की हीटरचं मी चुकीचं शिकवलं, बांधलेल्या वायरी सोडवून हीटर जोडून दे. आणि खराटा मागितला. बारा नंबर हात जोडत राहिला, पण सरांनी झाडलंच. मग नागोठण्याला, थोरल्या नऊकडे. मग वडखळला, तीन नंबरकडे. प्रत्येक ठिकाणी तेच बोलणं, तसंच वाकून झाडणं. तीन नंबरने तर घाईघाईने आधीच झाडून ठेवलं होतं, रोह्याहून फोन आला होता त्याला. सर म्हणाले, तू झाडलेलं तुझं, माझं मला झाडू दे. अशी गॅरेजं झाडत फिरणारा, आणि गॅरेजागणिक अधिक ताठ होत जाणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दुपारी रामवाडीला पोहोचलो तेव्हा ते थकले होते. मी चहा केला, त्यांनी त्यात मिठाचा खडा टाकला. मग वही मागून घेतली आणि शर्टाच्या खिशातला लाल पेन काढला. ज्याने आमचे पेपर तपासायचे तोच पेन. हीटरच्या ओळीवर त्यांनी पट्टी लावून रेघ मारली. खाली लिहिलं, 'चूक. वस्तू का बसवली आहे ते आधी विचारावे.' आणि सही करायच्या जागी काहीतरी लिहून वही माझ्याकडे सरकवली.

सही नव्हती. नावही नव्हतं. लिहिलं होतं, 'रोल नं. २२'.

आमची बॅच एकवीसला संपते. मग मला त्यांचं ते जुनं बोलणं आठवलं, नंबर कुणाला असतो ते. मी चहाचा कप खाली ठेवला. सर वर्गात उभे राहायचे तशी सरळ उभी राहिले, वही हजेरीच्या पुस्तकासारखी धरली आणि मोठ्याने म्हटलं, "बावीस."

सर बाकावरून उठले. छत्री बाजूला ठेवली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि हात वर केला.

"हजर, मॅडम."